माझ्या मताची फुली

अ‍ॅबर्डीन, शुक्रवार, ६ डिसेंबर २०१९. संध्याकाळचे सहा. हीटरवर मोजे वाळत घालून लिहायला बसलो आहे.

प्रिय बाबा,

मी ठीक आहे, खोकलाही गेला. आईचा गुडघा कसा आहे?

मी दूर असल्यामुळे गुरुवारच्या निवडणुकीत माझा नेमलेला प्रतिनिधी म्हणून माझं मतही तुम्हीच टाकणार आहात. या वेळी माझी फुली हुजूर पक्षापुढे करा.

पत्र फाडू नका. खाणकामगारांच्या संपाच्या वर्षी त्यांच्या सरकारने आपले काय हाल केले, ते मी विसरलेलो नाही. पण खाणीनंतर कारखाना गेला, बसही गेली आणि आपला मजूर पक्षाचा खासदार मतं मागण्यापुरताच उगवतो. इथे माझ्याबरोबर काम करणारा कॅलम चिडवतो, "तुमच्याकडे मजूर पक्षाची लाल फीत लावून गाढव उभं केलं तरी निवडून येईल!" मी म्हटलं, "गाढव निदान गावात तरी राहिलं असतं." सगळे हसले, पण मला तुमचा चेहरा दिसला.

हुजूर पक्ष काही करेलच, असं नाही. पण आपल्याला गृहीत धरणाऱ्यांना एकदा घाम फुटू दे.

तुमचा हात धजला नाही, तर माझी मतपत्रिका घेऊच नका. मला तसं सांगा, मी रागावणार नाही. पण मजूर पक्षापुढे फुली करून "झालं रे तुझं काम" म्हणू नका. तुम्ही सांगाल ते मी खरं मानणार.

आईला सांभाळा.

तुमचा,
क्रेग