साधी गोळी

१४ तारीख, सकाळी सात

बाईसाहेब,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण फरशी आत्ताच धुतलीय. मी मजेत आहे. मासे उपाशी आहेत.

तीन नंबरच्या टाकीतल्या माशाने साधी गोळीसुद्धा थुंकली, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. तुझ्या त्या ध्रुवाकडच्या समुद्रातल्या स्पंजाचा रस घातलेली गोळी त्याने थुंकली, तेव्हा तू टाळी वाजवलीस. मग नियमाप्रमाणे बिनरसाची दिली. ती खाल्ली असती, तर रस कडू हे सिद्ध. तीही थुंकली, म्हणजे मासा पोटभर जेवलेला आणि प्रयोग बाद. दहापैकी नऊ माशांनी तेच केलं.

तू माझ्याकडे बघितलंस. "लिही, खाल्ली." मी नऊ वेळा लिहिलं. तू सांगितलं असतंस तर मासा गायला असंही लिहिलं असतं.

आणि काल प्रयोगशाळेच्या सरांनी ती नोंदवही पुढे केली, तर तू काय म्हणालीस? "वही तोच लिहितो, सर. कॉलेज अर्धवट सोडलेला, त्याला काय कळतंय?" वा! एका बाकावर बसायचो गं आपण.

तूच सांगितलं होतंस, त्या गोठलेल्या समुद्रात कोळंबीहून लहान एक किडा समुद्री फुलपाखरू, म्हणजे पोहणारी इवली गोगलगाय, पकडतो आणि पाठीवर धरून हिंडतो. फुलपाखरू कडू, म्हणून मासे किड्यालाही तोंड लावत नाहीत. फुलपाखरू मात्र तिथेच उपाशी मरतं. तू हसली होतीस. मीही हसलो, गाढव.

आता एक ऐक. प्रयोगाच्या सकाळी माशांना मीच पोटभर खाऊ घातलं होतं. तुझा स्पंज गोड निघाला तर तू रडशील, म्हणून. साध्या गोळीचा विचारच डोक्यात आला नाही. तेवढ्यासाठी तरी कॉलेज पुरं करायला हवं होतं.

हे सगळं कागदावर लिहून सरांच्या टेबलावर ठेवलंय. "खाल्ली" लिहायला कुणी सांगितलं, तेवढं लिहिलेलं नाही. ते तू सांग. जीभ वळली तर.

परवापासून माशांना काही दिलेलं नाही. आज पुन्हा प्रयोग कर, आणि दिसेल तेच लिही. माझी किल्ली खिळ्यावर ठेवून जातोय. दार घट्ट ओढून घेतोय, आतला गारवा जायला नको.

तुझ्या पाठीवरून उतरलेला