तुझी गाठ

आये, तू विसरली असशील म्हणून आधी सांगते, मी तुझी थोरली. जिती होतीस तेव्हाच बाकी तिघांची नावं घेऊन, मधे म्हशीचंही घेऊन, मग माझ्यावर यायचीस. आता तर जाऊन तीस वर्षं झाली, तिथं कोण आठवण करून देणार तुला. हे मी बोलतेय आणि माझी नात लिहून घेतेय. मी का लिहीत नाही ते तुला ठाऊक आहे. तेच सांगायला बसलेय.

नात बाळंतपणाला आलीय, तिची पोरगी चार महिन्यांची झाली. लेकरू अंगाला बांधायचं आणि हात मोकळे ठेवून कामं करायची, म्हणून तिनं मोबाईलवर लांबलचक फडकी बघायला घेतली. रॅप म्हणतात त्याला. ताणणारं, जाळीचं, घट्ट विणीचं, दहा-बारा तऱ्हा. वर मला विचारते, "आजी, तू यातली जाणकार, कुठलं घेऊ?" मी म्हटलं, बये, मला जाणकार कुणी केलं ते विचार. तिला ताणणारं पसंत पडलं होतं, मऊ म्हणून. विंझरच्या दुकानात पार्सल आलं. बारशाला पाळण्यात लेकराच्या आधी वरवंटा घालतात, मग ह्यातबी त्योच आधी बसंल, असं मी बजावलं. तिनं चित्रं बघत फडकं गुंडाळलं, आत वरवंटा घातला आणि अंगणात चालायला लागली. दोन फेऱ्यांत वरवंटा छातीवरून बेंबीशी आला. म्हणते, तो जड आहे गं. "मग पोरगी काय हलकी हलकी हुत जानाराय व्हय?" फडकं परत गेलं.

दुसरं आलं ते सुती. उभं ओढलं तर हलत नाही, तिरपं ओढलं तर जरासं ताणतं. शंभर धुण्यांनंतर तुझं लुगडं असायचं, तसं. हेच ठेव, मी म्हटलं. मग नातीनं पोरगी छातीशी धरली आणि म्हणाली, बांधून दाखव. आणि आये, माझ्या हातांनी मला न विचारता बांधलं. तिच्या काखेखालून नेलं, पाठीवर फुली घातली, लेकराचे गुडघे बुडापेक्षा वर घेतले, नाक मोकळं ठेवलं, गाठ डाव्या अंगाला मारली. पोरगी लगेच निजली. नात कौतुक करत राहिली आणि मला असा राग आला, की उठून गोठ्यात जाऊन बसले. साठाच्या वर वर्षं झाली, नि तुझी गाठ अजून माझ्या हातात.

तुला आठवत नसणारच. मी आठ वर्षांची आहे. शाळा देवळात भरते, मास्तर खालच्या गावातून चालत येतात. तू भातलावणीला जातेस, धाकट्या भावाला माझ्या पाठीला बांधून. तो निजला की मी देवळाच्या दाराशी जाऊन उभी राहते. एक दिवस मास्तरांनी पाटी हातात दिली. म्हणाले, "बसलीस तर उठंल त्यो. उभ्यानंच गिरव." तीन दिवस मी पाटी खांबाला टेकवून, झोके देत देत गिरवलं. चौथ्या दिवशी तू चिखलाच्या पायांनी आलीस. लेकरू रडत नव्हतं, आये. निजलं होतं. सगळ्या पोरांपुढं तू म्हणालीस, "तुला पोर दिलंय संबाळाया, रेघुट्या माराया न्हाई." वाटेत मला गुळाचा खडा दिलास. मी तो चघळत घरी आले, त्याचा मला तुझ्यापेक्षाही जास्त राग येतो. पुढं त्याच पाटीवर धाकटा शिकला, साहेब झाला. माझ्या पाठीवरून शाळेत गेला तो. तू मात्र आल्यागेल्याला सांगायचीस, थोरली लई गुणाची, एक पोर पडू दिलं न्हाई. त्या गुणांचं काय करू मी? भोरच्या स्टँडवर किकवीची येष्टी कुठली, ते अजून शेजारच्याला विचारते. तो म्हणतो, आजी, पाटी तर लावलीय की.

नात म्हणते, पणजीनं तरी दुसरं काय करायचं होतं, चार पोरं आणि एकटी बाई. तू लिही, वकिली करू नकोस, म्हटलं तिला. ती लिहायला लागली, पुन्हा थांबली. "आजी, तू रानात गेलीस की आमच्या बाबांना कोण सांभाळायचं?"

तिचा बाप म्हणजे माझा धाकटा लेक. आणि तो वाढला त्याच्या बहिणीच्या पाठीवर, माझ्या थोरलीच्या. चौथीत होती ती. शाळेच्या बाईंनी दोनदा निरोप धाडला, मी दोन्हीदा म्हशीचं कारण सांगितलं. तीच गाठ मारली, आये, डाव्या अंगाला. गूळपण दिला. आता ती किकवीला असते. पेपर बोट ठेवून वाचते, जोडाक्षर आलं की अडते, आणि मी जवळ असले तर पेपर घडी करून ठेवते. मला कधी एक शब्द बोलली नाही. मी तुला एवढं बोलले, तिनं मला काहीच नाही.

नातीचं पेन थांबलंय. लिही म्हटलं, हेही लिही. कागद कुठं धाडायचा नाही, त्या फडक्याच्या घडीत ठेवून दे. आणि उद्या सकाळच्या येष्टीनं किकवीला आत्याकडं डबा पाठव. तांदळाच्या फेण्या दे, करवंदाचं लोणचं दे, नाचणीचे पापड दे. गूळ मात्र ठेवू नकोस.