थॅडियसची खुर्ची

क्लीव्हलंड, ७ नोव्हेंबर १९९५

चि. सौ. फेलिशियास अनेक आशीर्वाद.

काल आमच्या फुटबॉल संघाच्या मालकाने तुमच्या बाल्टिमोरला जाऊन जाहीर केलं, की पुढच्या मोसमापासून संघ तुमचा. पन्नास वर्षांचा संघ, गाडीत सामान टाकावं तसा चालला. थॅडियस गेल्यापासून मी दरवर्षी दोन तिकिटं काढते. नवऱ्याच्या खुर्चीवर त्याचा थर्मास ठेवते, आणि कोणी बसायला आलं तर नन्सनी शिकवलेल्या सभ्य भाषेत त्याला हाकलते. आता तो थर्मास कुठे ठेवू?

नाताळला येईन म्हटलं होतं, ते विसर. चोरीचा माल घेणाऱ्या गावात मी पाय ठेवणार नाही. तुझ्या नवऱ्याला, कॅझिमिरला म्हणावं, वाजव टाळ्या.

लोभ आहे, पण सध्या रुसलाय.
तुझी लिओकाडियाताई

बाल्टिमोर, १६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

अकरा वर्षांपूर्वी आमचा संघ ट्रक भरून इंडियानापोलिसला नेला, तेव्हा तू लिहिलेलं पत्र सोबत परत पाठवते आहे. मोठ्या माणसाने चेंडूसाठी रडू नये, त्याला गरम सूप देऊन कामाला लाव, असं तू लिहिलं होतंस. सूप मी दिलं. कॅझिमिरने संघाची निळी टोपी कपाटात ठेवली आणि पुढचे सगळे रविवार परसात खणत काढले.

टाळ्या त्याने वाजवल्या नाहीत. बातमी ऐकून टीव्ही बंद केला आणि म्हणाला, की ताईंना आता कळेल, पण कळायला नको होतं. त्याचं दुखणं वाढलंय, डॉक्टर नाताळच्या पलीकडचं बोलत नाहीत. तू ये.

रुसवा बाजूला ठेवून लोभ असावा.
तुझी फेलिशिया

क्लीव्हलंड, १८ डिसेंबर

चि. सौ. फेलिशियास आशीर्वाद.

माझं ते पत्र मी तीनदा वाचलं. शुद्धलेखन सोडल्यास त्यात बरोबर असं काही नाही.

काल इथल्या मैदानावरचा शेवटचा सामना झाला. जिंकलो, पण घरी जायला कोणी उठेना. लोक करवती घेऊन बाकं कापत होते. मीही पर्समधून पाना नेला होता. थॅडियसच्या खुर्चीचे बोल्ट गंजलेले. शेजारी बसणाऱ्या कोवाचने, माझ्या जुन्या विद्यार्थ्याने, हात लावला आणि म्हणाला, की बाई, शाळेत बाकावर नाव कोरलं म्हणून तुम्ही मला तासभर उभं केलं होतंत. मी म्हटलं, की शिक्षा योग्यच होती, आता ओढ.

शनिवारी बसने येते. खुर्ची आणते. कॅझिमिरला निळी टोपी घालून तिच्यावर बसवू. त्याची माफी मी उभी राहून मागेन.

तोवर त्याला जप.
ताई

बाल्टिमोर, २० डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोन दोनदा उचलला, पण बोलवेना, म्हणून लिहिते. सोमवारी पहाटे कॅझिमिर गेला. तुझं पत्र आज आलं.

रविवारी तो टीव्हीवर तुमचं मैदान बघत होता, गर्दीत तुला शोधत. एक म्हातारी खुर्ची उचलून जिना उतरताना दिसली. म्हणाला, की त्या ताईच. मी त्याला वेड्यात काढलं, म्हटलं, ताई असलं काही करायची नाही. तो हसत राहिला.

अंत्यविधी शनिवारी दुपारी, तुझी बस पोचल्यावर. टोपी मी त्याच्या हाताशी ठेवणार आहे. तू खुर्ची आण, थर्मासही आण. घरात खूप माणसं येतील. तिच्यावर कोणी बसू नये, एवढं तू बघ.

वाट पाहते आहे.
फेलिशिया