रंग न लावलेली गिटार

कट्टा, ता. मालवण
आषाढ वद्य चतुर्थी, १४ जुलै २०२५

प्रिय प्रीतम,

तुला भरघोस आशीर्वाद द्यायचे मनात होते, पण तू माझ्याहून वयाने मोठा, तेव्हा निरुपायाने नमस्कारच घे. इकडे सर्व कुशल. मात्र तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. कोल्हापुराहून तू पाठवलेल्या खोक्यातून गिटारचे लाकूड, तारा, स्क्रू सारे यथास्थित पोचले; परंतु त्यांच्या रक्षणार्थ तू भरलेले थर्माकोलचे मणी आमच्या घरात वंशवृद्धी करत आहेत. तुळशीत आहेत, मांजराच्या शेपटीवर आहेत, काल पेजेतही होते. मी एक मणी बराच वेळ चावत बसलो. सौ. रश्मीने विचारले, "तांदूळ शिजाक नाय काय ओ?" मी "छे छे" म्हणालो आणि थर्माकोल गिळला. आमचा संसार असाच टिकला आहे.

आता मुख्य विषय. ही इलेक्ट्रिक गिटार बनवणारे दोघे: वीस वर्षांची लेक तन्वी आणि जन्मभर सुभाषिते शिकवत आलेला तिचा बाप. तू फोनवर सांगितलेस तसेच चालले आहे. आधी सगळे भाग रंग न लावता नुसते जुळवून बघायचे. मग सोडवायचे, घासायचे, रंगवायचे, वाळवायचे आणि पुन्हा जोडायचे. तू बजावलेस, की पावसाळ्यात रंग लावू नका, दमट हवेत तो दुधाळ होतो. दसरा होऊ दे, घाई कसली?

या प्रश्नावर मी फोनवर पावसापाण्याचे बोलू लागलो, ते तुझ्या लक्षात आले असेल. आमच्याकडे हल्ली सगळेच मोठ्याने बोलतात. घरात गुपित बोलायची सोय राहिलेली नाही. म्हणून हे पत्र.

तर जुळणी झाली. एकच जाड तार चढवली आणि भजनी मंडळाचा स्पीकर मागवला. त्याच्याबरोबर मंडळाचा बाबू आला, आणि बाबूबरोबर नारळ.

"गाराणा घातल्याशिवाय नवीन काम? मास्तरानू, तुमी शिकलेले मा?"

मी शिकलेला असल्यामुळे हात जोडून उभा राहिलो. बाबूने घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा! ह्या चेडवान आज जा काय करूक घेतल्यान हा, ता शेवटाक जांव दे! आवाज बारा वाड्यांत आयकाक जांव दे रे म्हाराजा!" आम्ही "होय म्हाराजा" म्हटले. इथवर सारे यथाविधी. मग बाबूने नारळ फोडला आणि परमभक्तीने त्याचे पाणी त्या कोऱ्या लाकडावर शिंपडले.

"बाबूकाकानू, लाकूड ता!" तन्वी किंचाळली.

"मगे? देवाच्या पाण्यान लाकडाक काय बाधता?"

बाधले. लगेच पुसले, तरी सकाळपर्यंत लाकडाचा तंतू न् तंतू उभा राहिला होता, भिजलेल्या मांजरासारखा. डाग पडले ते वेगळेच. आता पुन्हा वाळवणे, पुन्हा घासणे. आणि या दिवसांत आमच्याकडे हातरुमालसुद्धा वाळत नाही.

पण त्या संध्याकाळी जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. या वाद्याला पोट नाही रे. सतार, तंबोरा यांना भोपळा तरी असतो. ही नुसती फळी. स्पीकर न लावता तार छेडली, तर डासाने गुणगुणावे एवढेच. तारेखाली एक लोहचुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली. मी त्यावर वाकून पाठशाळेतला खणखणीत ॐकार लावला. स्पीकर ढिम्म. माझ्या महाप्राणाची त्याला किंमत नाही. त्याला ऐकू येते ती फक्त पोलादाची थरथर. शब्द हा आकाशाचा गुण, असे लहानपणी घोकले. इथे मधे आकाशच नाही! पोलाद थरथरते, तांब्याला ते कळते, बस्स.

मग तन्वीने तार छेडली. खिडकीची तावदाने, ताटातल्या नारळाच्या भकली, माझ्या बरगड्या, सगळे एकदम बोलू लागले. तिचा डावा कान गेल्या वर्षी गेला, ते तुला ठाऊक आहे. तिने उजव्या कानात कापूस कोंबला, लाकडाच्या कडेवर दात टेकले, डोळे मिटले आणि पुन्हा छेडली.

"बाबानू, दातांत येता. सगळा येता!"

बाबूने डोक्यावरची टोपी काढली. मला इतक्या वर्षांत पाठ केलेले एकही स्तोत्र आठवेना.

आता 'घाई कसली' या तुझ्या प्रश्नाचे उत्तर. जूनमध्ये गोव्याच्या डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितले, की उजवा कानही त्याच वाटेने जाणार. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. तिने मान हलवली, आणि परतीच्या एसटीत मोबाइलवर घरी जोडायच्या गिटारची खोकी शोधत बसली. परवा मी डॉक्टरांना फोन करून दातांचे विचारले. म्हणाले, आवाज हाडातून गेला तरी शेवटी ऐकायचे कानाच्या त्याच नसेने, आणि सुकते आहे ती नसच.

मी तन्वीला म्हटले, रंगाचे राहू दे, आत्ताच जोडू, तू वाजव. दसऱ्यानंतर सोडवून रंगवू. ती म्हणाली, "नारळाच्या पाण्यान काय झाला ता बघितलात मा? उघडा लाकूड ह्या पावसात फुगतला. रंग नीटच होऊक होयो, बाबानू. बघूची तर आसा मा जन्मभर."

ती लाल रंग निवडून निवांत झोपते. मी तिच्या पाठीमागे उभा राहून हळूच हाक मारतो, आणि ती वळते की नाही ते बघतो. काल वळली. आज दुसऱ्या हाकेला वळली.

प्रीतम, दसऱ्याला गिटार तयार होईल आणि तन्वीला ती ऐकू येणार नाही. माका ह्याचा भय वाटता रे.

तुझा
दत्तू