टाक काढून लावलेलं तेल

मेहरूण, जळगाव
दुपार

प्रिय कमलताई,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. खोटं कशाला बोलू? तू मला प्रिय कधीच नव्हतीस. मला तुझी भीती वाटते. तू गेल्यावर तुझ्या जागी लग्न करून या घरात आले तेव्हापासून वाटते. आज तर इतकी वाटतेय की हातातलं सगळं काम टाकून तुला लिहायला बसलेय.

कारण आज मी तुला गळ्यातून काढलं.

थांब, रागावू नकोस! आधी ऐकून तर घे.

तुळशीच्या लग्नानंतर आमचं लग्न झालं. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला. पेराएवढा पत्रा, त्यावर उठवलेली बाई आणि तिचे ते वटारलेले डोळे. "हाई तुनी सवत. आधी तिले, मंग तुले," त्या म्हणाल्या. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. गोडाचा घास आधी टाकाला दाखवायचा. धुळ्याकडे आमच्या गावात बिजवराला दिलेल्या बायकांच्या गळ्यात मी असे टाक पाहिले होते. पण दुसरीच्या गळ्यात पाहणं वेगळं आणि स्वतःच्या छातीवर बाळगणं वेगळं.

या घरात दूध नासलं की कमल रागावली. यांना ताप आला की कमल रागावली. माझ्या हातून तुझी चिनी मातीची बरणी फुटली तेव्हा तर मी दिवसभर टाक मुठीत धरून तुझी माफी मागत होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा तर पाठीशी नव्हे, पुढ्यातच लटकत होता.

आणि मग वंदना झोपेनाशी झाली.

तुझी वंदना ग! आठ वर्षांची पोर, रात्रभर टक्क डोळे उघडे. शाळेत बाकावर मान टाकायची, ताटावर बसली की घास तोंडात तसाच. हे तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, टॉनिक दिलं आणि म्हणाले, "पोरीला आजार काही नाही. कशाला तरी घाबरली आहे." सासूबाईंनी त्याचा अर्थ लगेच लावला. "कमलले हाई नवी पसंत नही. पोरले मामाकडे धाडी देऊ."

आज सकाळच्या एस्टीने त्या धरणगावला तुझ्या भावाकडे तेच ठरवायला गेल्यात. संध्याकाळी येतील.

ताई, मला तिला जाऊ द्यायचं नाही. सरळ सांगते. सावत्र आई आहे, मला सुटल्यासारखं वाटायला हवं, नाही का? पण शाळेतून आली की ती दारातूनच "मावशी, काय केलंस?" म्हणून ओरडते, आणि माझा दिवस तेव्हा सुरू होतो. ती गेली तर या घरात मी आणि माझी भीती, दोघीच उरू.

शेजारच्या अक्का म्हणाल्या, "अगं, तिच्या तळपायाला तेल चोळून बघ. झोप येईल." मी हसलेच. आमच्या घरी मळायचे ते बैलांचे खांदे, तेही पोळ्याच्या आदल्या दिवशी. माणसाला कोण चोळत बसतंय!

तरी बसले. पहिल्या दिवशी गार तेल भसकन तिच्या पायावर ओतलं आणि लागले घासायला. वंदना पाय ओढून म्हणाली, "मावशी, मी काय तवा आहे का?"

मग तिनेच मला शिकवलं. तुझं सगळं तिच्या लक्षात आहे ग! तेलाची वाटी स्टोव्हवर ठेवायची नाही, गरम पाण्यात ठेवायची. थेंब आधी आपल्या मनगटावर टाकून बघायचा. आपले तळवे एकमेकांवर घासून ऊन करायचे. टाचेपासून बोटांकडे अंगठ्याने हळूहळू दाबत जायचं, मग एकेक बोट धरून अलगद ओढायचं. पोटरीवर हात खालून वर न्यायचा. "आणि मावशी, दोन्ही हात एकदम उचलायचे नाहीत," ती म्हणाली. "तेल घ्यायचं असेल तर एक हात अंगावरच ठेवायचा. आई नेहमी तसंच करायची." मी विचारलं, का? तर म्हणाली, "म्हणजे कुणी उठून गेलं असं वाटत नाही."

हे ऐकून मला बाजूला बघावं लागलं. पोरीला इतकं शहाणं करून ठेवलंस, आणि मला मात्र भेडसावत बसलीस! हे काय वागणं झालं?

पायांपर्यंत सगळं छान चाललं होतं. तिचा श्वास संथ व्हायचा, पापण्या जड व्हायच्या. पण परवा संध्याकाळी म्हटलं, आज पाठही चोळू. ती पालथी झोपली, मी तिच्यावर वाकले, आणि टाक गळ्यातून लोंबून तिच्या उघड्या पाठीला लागला.

काय किंचाळली ती! भिंतीशी जाऊन अंगाचं मुटकुळं करून बसली. सासूबाई धावत आल्या, टाकाकडे बघितलं आणि हात जोडले. "देख, कमलनी दाखाडं. तू तिना पोरले हात लावू नको." मला ते खरंच वाटलं, ताई. तुला माझा हात नको आहे, असंच वाटलं. परवापासून मी वंदनाची वेणीसुद्धा घातली नाही.

आज ती सकाळच्या शाळेतून आली. घरात आम्ही दोघीच. जेवण झालं आणि माझ्यापासून चार हात दूर बसून तिने विचारलं, "मावशी, आई त्यात कशी मावते?"

"कशात?"

तिने बोटाने टाक दाखवला. "आजी म्हणते, तुनी माय यामाच शे. मग तिला श्वास येतो का? रात्री मी कान देऊन ऐकते. काहीच ऐकू येत नाही."

ताई, मी भीतीने गारठले. तुझ्या भीतीने नव्हे, तिच्या. एवढीशी पोर रोज रात्री जागी राहून आपली आई गुदमरते की काय ते ऐकत होती! आणि मी तिच्या शेजारी तुझी माफी मागत पडलेली असायची. घरात तिघी बायका, तिघी तुला घाबरणाऱ्या, आणि एकीने दुसरीला विचारलं नाही.

मी दोऱ्याच्या गाठीला हात घातला. गाठ सुटेना. वाटलं, आता छप्पर पडेल, नाहीतर दारातून यांची काहीतरी वाईट बातमी येईल. हात दाखवून अवलक्षण तर नाही ना हे? तरी सोडली. टाक तळहातावर ठेवून तिच्यासमोर धरला. उलटा करून दाखवला. मागे काही नाही, नुसता पत्रा. तिने नखाने टकटक केलं, कडेने वाकवून बघितला.

"यात कुणीच मावणार नाही," ती म्हणाली.

"नाही मावणार."

"पण तू काढलास म्हणून आई रागावली तर?"

मी उलट विचारलं, "ती होती तेव्हा रागवायची?"

"खूप! दूध सांडलं की धपाटाच."

"आणि मग?"

"मग थोड्या वेळाने हाक मारायची, ये, तेल लावते."

आम्ही दोघी हसलो. माझं हसू रडण्याच्या फार जवळचं होतं, पण हसले. टाक कुंकवाच्या करंड्याशेजारी देव्हाऱ्यात ठेवला, आणि वाटी गरम पाण्यात.

आज पाठ चोळली. मणक्यावर दाब दिला नाही, दोन्ही बाजूंनी कंबरेपासून खांद्यांपर्यंत तळवे सावकाश नेले. खांदे कणकेसारखे हलक्या हाताने मळले. मग तिला उताणी केली आणि कानशिलांवर दोन बोटांनी गोल गोल, अगदी हलकं. भुवयांच्या मधून कपाळावर अंगठा वर नेत राहिले. तेल घेताना एक हात तिच्यावरच ठेवला. तिने मध्येच डोळे उघडून माझ्या गळ्याकडे पाहिलं, आणि मिटले.

तेव्हापासून झोपली आहे. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तरी झोपलीच आहे. आता मला याचीच भीती वाटतेय! दोन ओळी लिहिते आणि उठून तिच्या नाकाशी बोट धरते. श्वास चालू आहे. ओठ किंचित उघडे, मूठ सैल. तू असताना अशीच झोपायची का ग? मला माहीत नाही ना. मी तिला अशी गाढ झोपलेली पहिल्यांदाच बघतेय.

सासूबाई आता येतील. मोकळा गळा बघून काय म्हणतील कोण जाणे. हे माझी बाजू घेतील की गप्प बसतील, तेही ठाऊक नाही. बहुधा गप्प बसतील. पण मी टाक पुन्हा बांधणार नाही. लुगडं आधी तुला दाखवीन, घास आधी तुझा काढीन, देव्हाऱ्यात तुझ्यापुढे हात जोडीन. मानाला कमी करणार नाही. आणि वंदनाला धरणगावला पाठवायचं म्हणाले तर दारात आडवी पडेन. तुझ्या पोरीला रोज तेल लावीन, ती नको म्हणेपर्यंत. शब्द देते.

तरी तुझा राग आलाच तर माझ्यावर काढ. मला जागी ठेव, मला घाबरव. मी सोसेन. फक्त तिच्या उशाशी पावलं न वाजवता ये.

तिचा आज कुठे डोळा लागलाय.

तुझीच धाकटी,
निर्मला