आवडता शब्द, पंचवीस शब्दांत

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज माझी कुळथाची पिठी श्रेयाला देऊन टाकली! आवडता पदार्थ म्हणून. दादरच्या क्लासमध्ये परदेशी कॉलेजांचे फॉर्म भरणाऱ्या मुलांना मदत करायची — हे माझं काम. निबंध सगळे कसेबसे लिहितात, अडतात ते या चिल्लर प्रश्नांपाशी. आवडता आवाज कोणता, आवडता वास कोणता, पंचवीस शब्दांत सांगा. श्रेयाला पदार्थ विचारला तर म्हणे पिझ्झा. प्रफुल्ल सर मला म्हणाले, हिला जरा वेगळं काहीतरी दे. दिलं. तिने पिठी जन्मात चाखली नसेल.

१९ नोव्हेंबर
लालबागला मिरची कुटणाऱ्या डंकाचा आवाज — गेला. आई इस्त्री करते तेव्हाचा वास — गेला. मुलं खूश, सर खूश.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
ध्रुवचा 'आवडता शब्द' अडला होता. दोन तास समोर बसून पोरगा ढिम्म. वाईट नाही तो, ताई ताई करत असतो — पण त्याला काही आवडतच नाही! शेवटी वैतागून मीच टाइप केलं: येतो. आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. आजोबा हॉस्पिटलात जाताना 'येतो' म्हणाले. आले नाहीत. मी अजून दाराकडे बघतो.

आजोबा कसले डोंबलाचे! त्याचे आजोबा रोज शिवाजी पार्कला फेऱ्या मारतात. बाबा होते ते. माझे. कोविडात, ॲम्ब्युलन्समध्ये चढताना. सर वाचून म्हणाले, क्या बात है. बाबांनाच देऊन टाकलं मी.

२ जानेवारी, शुक्रवार
आता माझा फॉर्म. ध्रुवचंच कॉलेज, पूर्ण स्कॉलरशिप मिळाली तरच जाणं, नाहीतर आहेच क्लास. बाकी सगळं भरून झालंय. आवडता शब्द — रिकामा. दुसरं काही सुचतच नाही. जे होतं ते वाटून बसले.

आईला विचारलं, मला काय आवडतं गं? ती भांडी घासता घासता म्हणाली, तुला ना, सगळं चालतं.

मोरीत जाऊन रडले.

५ जानेवारी
शेवटचा दिवस. तीनदा खोटं लिहिलं, तीनदा पुसलं. मग लिहिलं: येतो. या वेळी आजोबा नाही, बाबा. माझा शब्द आहे, मीच का नको वापरू? फॉर्म पाठवून दिला.

६ जानेवारी
उगाच धाकधूक होतेय.

२७ मार्च, शुक्रवार
ईमेल आला. तुमचं एक उत्तर आधी आलेल्या दुसऱ्या अर्जातल्या उत्तराशी जुळतं, सबब अर्ज बाद. कॉपी. मी कॉपी केली — माझ्या बापाच्या शब्दाची!

सरांना दाखवला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "बोललीस तर ध्रुवचंही जाईल. आणि लिहिलं कोणी? तूच ना?"

खरंय. मीच. कुणाच्या नावाने बोटं मोडू? सगळं संपलं. आईला एवढंच सांगितलं की नाही झालं. तिने ताट वाढलं.

२९ मार्च, रविवार
ध्रुव पेढे घेऊन थेट चिंचपोकळीला आला, आमच्या खोलीवर. त्याला मिळालं. शब्दाचं उत्तर वाचून तिथल्या बाईंनी खास पत्र पाठवलंय म्हणे. थँक्यू ताई, थँक्यू ताई. आईला यातलं काही माहीत नाही, तिने कौतुकाने चहा केला. चहा पिऊन उठला, दारात चपला घालता घालता म्हणाला, "चला काकू, जातो."

आई लगेच म्हणाली, "जातो नाही रे बाळा. येतो म्हणावं."