पाण्याची हाक

मंगळवार, संध्याकाळ

चार दिवसांनी नळाला पाणी आलं आणि गेलंही. तोटी ओली दिसली म्हणून कळलं. पाणी आधी कोपऱ्यावरच्या घरात येतं. तिथून "पाणी आलं!" अशी हाक आली की सगळी गल्ली घागरी घेऊन धावते. आज हाकच नाही. सगळे मोबाइलवर कुठल्याशा नटाच्या घटस्फोटाचा निवाडा करत बसलेले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अवो ताई, सगळा देश त्याच्यावरच बोलतोय की!"

बोलतोय? याला बोलणं म्हणायचं? नुसती थुंकाथुंकी! गल्लीतली पिंपं कोरडी, त्यावर कुणाचं अवाक्षर नाही.

आणि ती हाक...

कोपऱ्यावरचं घर माझंच. नळ वाहत होता तेव्हा मी त्या नटाची बाजू घेऊन सतरावी कमेंट लिहीत होते.